मोजणारे हात

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय तो 'दीर्घकालीन अभ्यासांत मुलांची वाढ आणि कुटुंबाचं आरोग्य'. कुटुंबावर मी येणारच आहे. पण त्याआधी मला मोजणाऱ्या माणसांबद्दल बोलू द्या. निष्कर्ष वर्तमानपत्रात येतात, संशोधकांचे सत्कार होतात, आणि वर्षानुवर्षं वाड्या-वस्त्यांवर फिरून बाळांची लांबी घेणारी ताई शोधनिबंधाच्या शेवटी आभारांच्या अर्ध्या ओळीत बसते. हे मला फार लागतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा, आई आणि बाळाच्या पोषणाचा अभ्यास तुम्हा बहुतेकांना ठाऊक आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत तो सुरू केला. त्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट निष्कर्षांच्या कितीतरी आधीची आहे. बायकांना दिवस जाण्याच्या आधीपासून त्यांची माहिती हवी होती. म्हणून दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख विचारायची. जरा डोळ्यांसमोर आणा. नवी सून, दारात सासू, ओट्यावर दीर, आणि ही मोजणारी ताई विचारतेय, "या महिन्यात कधी आली?" पहिल्या महिन्यात कोण खरं सांगेल? त्या तारखेवर गर्भाचं वय ठरतं, गर्भाच्या वयावर बाळ लहान की वेळेआधी जन्मलेलं हे ठरतं, आणि पुढचं सगळं गणित त्यावर उभं राहतं. म्हणजे सासूसमोर कुजबुजत सांगितलेल्या एका तारखेवर!

आणि आपल्याकडे बाळंतपणाला माहेरी जायची रीत. बाळाची मापं तर जन्मानंतर 72 तासांच्या आत घ्यायची. ताईला सुनेचं माहेर कुठलं, तिथली एसटी किती वाजता, हे पाठ असावं लागतं. पोचल्यावर आजी म्हणते, "उघडं नका करू लेकराला, दृष्ट लागंल." मग आधी चहा, मग आजीकडूनच काजळाची तीट लावून घ्यायची, आणि मग वजन. (हसू नका, हे सगळं कामाच्या पद्धतीत लिहायला हवं, कुणी लिहीत नाही.)

आता हे किती नाजूक असतं ते बघा. त्या गावांतल्या बाळांचं सरासरी वजन होतं सुमारे 2.7 किलो, आणि तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. आपली बाळं बारीक, हे कुणालाही दिसत होतं. पण खवाट्याखाली कातडीची घडी चिमट्यात धरून मोजली, तेव्हा चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, चरबी मात्र राखलेली. आपल्याकडे बारीक माणसालाही मधुमेह का होतो, या प्रश्नाचा एक धागा तिथे हाती लागला. नवजात बाळाच्या पाठीवरची घडी असते काही मिलिमीटरची. एका ताईने कातडी जरा जास्त ओढली, दुसरीने चिमटा सोडून लगेच आकडा वाचला, की हा शोध आकड्यांच्या गोंधळात बुडून जातो.

आता माझी तक्रार. एका संस्थेत, नाव घेत नाही, मुलांची वाढ दर तीन महिन्यांनी मोजत होते. आलेख सुरेख चढत होते आणि दुसऱ्या वाढदिवसापाशी सगळ्या मुलांची वाढ एकदम मंदावलेली दिसली. काही तर आखूड झाली! बैठका बसल्या. कुणी म्हणालं अंगावरचं दूध सुटतं म्हणून, कुणी म्हणालं पावसाळा, जुलाब, पाणी. एका साहेबांनी तर दुष्काळी तालुक्यांचा नकाशा आणला. दाराशी वह्या घेऊन उभी असलेली एक ताई शेवटी म्हणाली, "सर, तोवर आपण त्यांना आडवं ठेवून मोजत होतो. दोन वर्षं झाली की उभं करतो."

बस, एवढंच. आडवं घेतलेलं माप उभ्या मापापेक्षा साधारण 0.7 सेंटिमीटर जास्त येतं. जागतिक आरोग्य संघटनेने ही दुरुस्ती सांगून ठेवली आहे. मला राग आला तो पुढच्या गोष्टीचा. अहवालात लिहिलं गेलं, 'विश्लेषणादरम्यान लक्षात आले'. कुणाच्या लक्षात आलं? त्यानंतर खर्च कमी करायचा म्हणून मोजणाऱ्यांची जोडी मोडली, आणि कमी केली ती तिलाच.

जोडी म्हणजे चैन नव्हे हो! जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात सहा देशांत मुलं मोजली. ब्राझीलचं पेलोटास, घानाचं अक्रा, आपली दक्षिण दिल्ली, नॉर्वेचं ओस्लो, ओमानचं मस्कत, अमेरिकेतलं डेव्हिस. तुमच्या अंगणवाडीतला आजचा वाढीचा तक्ता तिथून आला. तिथे दोघी जणी एकमेकींचा आकडा न बघता मोजत, मग ताडून बघत. लांबीत 7 मिलिमीटरपेक्षा किंवा वजनात 100 ग्रॅमपेक्षा जास्त फरक निघाला की दोघींनी पुन्हा मोजायचं. पहिल्या दोन वर्षांत एकेका बाळाच्या घरी 21 भेटी. आणि आपण म्हणतो, दुसरी बाई कशाला?

आयोजकांनी घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं उरली आहेत, तेव्हा कुटुंबाचं भरभर सांगतो.

मूल एकटं मोजून भागत नाही. पुण्याच्या अभ्यासात वडिलांचीही मापं घेतली. आईने गरोदरपणी पालेभाजी, दूध, फळं किती खाल्ली, पाणी कुठून आणलं, शेतात किती राबली, हे विचारलं. आणि बाळाच्या जन्माच्या मापांशी त्याचा संबंध दिसला. दोन तृतीयांश बायकांत बी-12 हे जीवनसत्त्व कमी होतं. सहाव्या वर्षी मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा ज्यांच्या आईचं बी-12 कमी आणि फोलेट (तेही एक ब-जीवनसत्त्वच) जास्त होतं, त्यांच्यात रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला शरीराने दाद न देण्याचं, म्हणजे मधुमेहाच्या वाटेवरचं, प्रमाण सर्वाधिक होतं. हे सहा वर्षं थांबल्याशिवाय कळलं नसतं.

विकासाचं मोजमाप तर आणखी अवघड. बडोद्यात प्रमिला फाटकांनी भारतीय बाळांसाठी चाचणी बांधली, अडीच वर्षांपर्यंतची, हालचालींचे 67 आणि बुद्धीचे 163 टप्पे. मूल ठोकळ्यावर ठोकळा ठेवतं का, हे बघायचं, आणि मागून आजी ओरडते, "ठेव रे माझ्या राजा!" आजीला न दुखावता गप्प कसं करायचं, हे प्रशिक्षणात शिकवावं लागतं.

आणि तिसरी पिढी. 2012 पासून पुण्याच्या अभ्यासातल्या त्याच मुलांना, तोवर ती किशोरवयात आली होती, बी-12 देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यांना झालेल्या मुलांची दोन वर्षांची असताना चाचणी घेतली. इतर पोषकांशिवाय नुसतं बी-12 मिळालेल्या आयांची मुलं आकलनात आणि भाषेत सरस निघाली. संख्या लहान आहे, पण असा प्रश्न विचारता आला, कारण गावाने इतकी वर्षं दार उघडं ठेवलं.

तुमच्या जिल्ह्यात असा अभ्यास येणार असेल, तर पहिल्याच बैठकीत विचारा: मोजणाऱ्या ताईंची नेमणूक किती वर्षांची? जोडीने मोजणार की एकटीने? प्रत्येक मापापुढे ते कोणी घेतलं याची नोंद राहणार का? आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या सासरी जायचा प्रवासखर्च अंदाजपत्रकात कुठे धरलाय? तो नसेल, तर पंधरा वर्षांनी मुलगे उरतील आणि मुली गळतील. आता प्रश्न घेतो, मागच्या रांगेपासून.