पटावर न आलेली मुलं

क्रेनच्या सावलीत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या, आणि मागे नुकतेच राहायला खुले झालेले मनोरे. जूनमध्ये महापालिकेच्या या शाळेत दोन्हीकडची मुलं आली, खोल्यांतली जास्त. जुना दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. बाकं कशीबशी पुरली.

शिक्षक किती मिळणार, हे मुख्याध्यापिकांच्या हातात नसतं. ते ठरतं संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं मंजूर होतात तेव्हा. पडद्यावर दिसतोय तो यू-डायस प्लसचा, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलचा तक्ता. ३० सप्टेंबरचा पट धरायचा आणि एकेका नावाचा आधार क्रमांक जुळवायचा. नावात एक काना इकडचा तिकडे झाला, की ते मूल मोजणीत अडकलं. शिक्षिका हे काम मोबाइलवर करतायत, तेही तासाच्या वेळेत. मग निकष लागतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४. सहावीपासून आठवीपर्यंत ३५ मुलांमागे एक.

पद मंजूर झालं म्हणजे शिक्षक आला, असं नाही. बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार पदांची यादी, तपासून घ्या, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर जाहिरात द्या, शिक्षक अभियोग्यता चाचणीच्या गुणांवरून निवड होऊ द्या. ही चाचणी पहिल्यांदा झाली डिसेंबर २०१७ मध्ये. दुसरी थेट २०२३ मध्ये. एवढ्या काळात इथे किती मजले चढले, ते समोर दिसतंच आहे.

तोवर चौथी आणि पाचवी एकाच फळ्यासमोर.

शिक्षण हक्क कायद्याचं २६ वं कलम म्हणतं, रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाऊ नयेत. पण मंजूर पदंच गेल्या सप्टेंबरच्या पटावर बेतलेली असली, तर कमतरता कागदावर उमटतच नाही. अहवाल स्वच्छ, वर्ग भरलेले.

खरं तर आकडे आधीपासून हाताशी असतात. आज जन्मनोंदणी झालेलं बाळ सहा वर्षांनी पहिलीत बसणार. कोणते शिक्षक कधी निवृत्त होणार, ते सेवापुस्तकावरून कळतं. किती घरं राहायला खुली होणार, हे बांधकाम परवानगी विभागाला वर्ष-दोन वर्षं आधी माहीत असतं, आणि प्राथमिक शिक्षक घडवणारा डी.एल.एड.चा अभ्यासक्रमही दोनच वर्षांचा. परवानगी विभाग आणि शिक्षण विभाग, दोन्ही एकाच महापालिकेचे. इमारत राहायला खुली करणाऱ्या भोगवटा प्रमाणपत्रांची यादी दर तिमाहीला शिक्षण विभागाकडे गेली आणि पदांची मागणी त्यावरून झाली, तरी सुरुवात होईल. त्यासाठी नवं पोर्टल नको.