बुजलेल्या पोपटाला जिंकायचंय? आधी दोन पावलं मागे या

[कॅमेरा स्थिर. मागे खोलीच्या कोपऱ्यात पिंजरा, अर्धा सुती ओढणीने झाकलेला.]

आज मी नेहमीपेक्षा हळू बोलतेय, तेव्हा आवाज थोडा वाढवून घ्या. मागच्या पिंजऱ्यात भुऱ्या आहे. त्याला जवळून दाखवणार नाही, कारण कॅमेऱ्याचा स्टँड त्याच्या दिशेने सरकला की तो अजूनही दांडीच्या टोकाला जाऊन बसतो. आहे तिथूनच बघू या त्याला.

भुऱ्या कॉकाटील आहे. बाजारात सगळे ‘कॉकटेल’ म्हणतात, तोच. मूळचा ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट. डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी ठिपका आणि वजन जेमतेम 80 ते 100 ग्रॅम. कोंबडीची दोन लहान अंडी तळहातावर ठेवून बघा, जवळजवळ तेवढाच जीव. आता त्याच्या जागी बसून विचार करा, पिंजऱ्याच्या दारातून आत येणारा माणसाचा हात त्याला केवढा दिसत असेल.

तो आमच्याकडे आला तेव्हा चार महिन्यांचा होता. आधीच्या घरात पाहुणे आले की त्याला टॉवेलमध्ये पकडून बाहेर काढायचे, ओरडला की पिंजऱ्यावर थापा मारायचे. एका बाजूचे पंख अगदी बुडापर्यंत कापलेले, शेपटीची पिसं मोडलेली. पहिल्या दिवशी मी पाण्याची वाटी बदलायला हात घातला आणि त्याने स्वतःला गजांवर आपटून घेतलं. त्या आवाजाने माझ्या पोटात कालवलं.

पुढचं सांगण्याआधी एक महत्त्वाची गोष्ट. तुमच्या घरी आपला हिरवा राघू असेल, म्हणजे लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला किंवा तसलं पिल्लू, तर त्याला माणसाळवायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे तो पाळणं आणि विकणं गुन्हा आहे. वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. सन कोन्यूरसारखे बरेच परदेशी पोपट पाळायचे तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कॉकाटीलला ती लागत नाही. पण म्हणून नको झाला की त्याला गच्चीवरून सोडून द्यायचं, असं अजिबात करू नका. इथल्या कावळ्या-घारींसमोर तो एक दिवसही टिकणं कठीण.

तर, भीती. ‘हात आत ठेवून द्या, फडफडेल, दमेल, मग सवय होईल,’ हा सल्ला मला पहिल्या आठवड्यात चार जणांनी दिला. हा सल्ला क्रूर आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. हात आत ठेवलात तर पक्षी शेवटी शांत होतो, हे खरं. पण ती शांतता म्हणजे सवय नाही. सुटका नाही हे कळल्यावर त्याने प्रयत्न सोडलेले असतात. गोठल्यासारखा बसतो, पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, डोळे विस्फारलेले. लोक म्हणतात, बघा, कसा माणसाळला! त्यात पंख कापलेला पक्षी उडूनही जाऊ शकत नाही. पळायची वाट बंद झालेल्या पक्ष्याकडे चावण्याशिवाय काही उरत नाही. मग पुन्हा तोच चावरा ठरतो.

मी उलट्या बाजूने सुरुवात केली. आमच्या खोलीत दोन फुटी फरश्या आहेत. पिंजऱ्याकडे हळूहळू चालत गेले आणि नजर फक्त तुऱ्यावर ठेवली. कॉकाटीलचा तुरा वाचता आला की अर्धं काम झालं. ताठ उभा तुरा म्हणजे तो सावध आहे, दचकलाय. डोक्याला चपटा चिकटलेला तुरा आणि सोबत सापासारखा फिस्कार म्हणजे ‘पुढे येऊ नकोस’. थोडा मागे झुकलेला, सैल तुरा म्हणजे निवांत. पिंजऱ्यापासून सहाव्या फरशीवर मी असताना भुऱ्याचा तुरा ताठ झाला. चौथीवर चपटा. म्हणजे आमचं काम सहाव्या फरशीवर सुरू होणार होतं.

तिथे जाऊन उभी राहायची. अंग थोडं तिरकं, त्याच्याकडे टक लावून न बघता. कोणाच्या तरी तोंडी पडणाऱ्या प्राण्याला दोन डोळे रोखून बघणारा जीव म्हणजे शिकारी. मी उभी, तो ताठ. मग कधीतरी तो एक श्वास सोडल्यासारखा सैल व्हायचा. पिसं झटकायचा, नाहीतर एखादं पीस चोचीतून काढायचा. ते दिसलं की त्याच क्षणी मी मागे फिरायचे. या सगळ्या व्हिडिओतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, म्हणून पुन्हा सांगते: तो सैल झाला की तुम्ही लांब जायचं. घाबरलेल्या पक्ष्याला त्या घडीला बी नको असतं, फळ नको असतं, त्याला फक्त अंतर हवं असतं. मग बक्षीस तेच द्यायचं. शांत राहिलं की ही बाई जाते, हे त्याला कळलं की किंचाळण्याची, आपटून घेण्याची गरज उरत नाही.

दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार-पाच मिनिटं. सहाव्या फरशीवरून पाचव्यावर यायला आम्हाला सहा दिवस लागले. पिंजऱ्याशी टेकून बसायला जवळपास महिना.

[पिंजऱ्याची जागा हाताने दाखवते, अंग न हलवता.]

जागेचं बघा. दोन बाजूंना भिंत आहे, म्हणजे पाठीमागून कोणी येत नाही. उंची माझ्या छातीइतकी. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यात पक्षी सतत धास्तावलेला असतो. ओढणी अर्ध्या भागावर, लपायचं असेल तर लपू दे. स्वयंपाकघरात मात्र पिंजरा कधीच नको. नॉनस्टिकचं भांडं जास्त तापलं की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. आणि पक्षी बाहेर असताना छताचा पंखा बंद म्हणजे बंद.

रात्री एक मंद दिवा ठेवा. कॉकाटील अंधारात अचानक दचकून पिंजराभर आपटतात, पिसं तुटून रक्त येतं. दिवाळीत तर त्या रात्री मी त्याच्याच खोलीत झोपले, खिडक्या बंद करून, एका सुरात हळू बोलत.

पहिल्याच आठवड्यात पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा. प्रवासाने तो घाबरेल, तरी न्या. आजारी पक्षी शेवटपर्यंत आजार लपवतो. फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणं ही भीतीची नाही, दुखण्याची लक्षणं आहेत. भुऱ्याचं वजन तेव्हा 74 ग्रॅम भरलं होतं. निव्वळ सूर्यफुलाच्या बियांवर वाढवलेला.

आता खाणं. भुऱ्याला सगळ्यात प्रिय म्हणजे राळ्याचं कणीस. ते मी वाटीतून काढून टाकलं आणि फक्त माझ्याकडून मिळेल असं ठेवलं. बाकीचं जेवण, इतर बारीक दाणे, शेवग्याची पानं, किसलेलं गाजर, पूर्ण वेळ वाटीत. भुकेला ठेवून हातावर आणायचं, हा प्रकार करू नका. एवढ्या छोट्या जिवाला एक दिवसाचा उपासही महागात पडतो.

सुरुवातीला कणीस गजांना अडकवून मी लांब जायचे. मग लांब कणसाचं एक टोक धरून बसले, दुसरं टोक त्याच्या बाजूला. पहिले नऊ दिवस त्याने फक्त बघितलं. दहाव्या दिवशी मान ताणून, पाय जागचे न हलवता, एक दाणा घेतला आणि लगेच दांडीच्या टोकाला पळाला. मी कणीस तसंच धरून ठेवलं. पुढे सरकवलं नाही. इथेच बहुतेकांचा हात पुढे जातो, आणि इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात जाते. त्याने यायचं असतं. आपण नाही.

मग एक आईस्क्रीमची काडी घेतली. काडीच्या टोकाला चोच लावली की एक दाणा. हा खेळ त्याला फार लवकर कळला, दोन दिवसांत. काडी डावीकडे गेली की तोही डावीकडे. जो पक्षी मला बघून मागे पळायचा तो आता स्वतःच्या पायाने पुढे यायला लागला, आणि मला वाटतं त्याची खरी भीड तिथे मोडली.

हाताचं मात्र वेगळं. ज्याला हातांनीच छळलंय त्याला थेट बोट देऊ नका. मी आधी हातात लाकडी दांडी धरली, तो दांडीवर चढायचा. ती दांडी वजनकाट्यावर ठेवून वजनही घेता आलं. दर आठवड्याला मी दांडी थोडी आखूड धरत गेले, बोटं जवळ येत गेली. एक दिवस त्याचा एक पाय दांडीवर होता आणि एक माझ्या बोटावर. तो पाय गरम लागतो, माहीत नव्हतं मला.

चावला तर? चावतोच. हात झटकू नका, ओरडू नका, पिंजऱ्यावर टिचकी मारू नका. दांडी सावकाश जवळच्या बैठकीला लावा आणि त्याला उतरू द्या. मग आठवून बघा, चावण्याआधी त्याने काय सांगितलं होतं. माझ्या बाबतीत दर वेळी तुरा आधीच चपटा झालेला होता, मी घाईत होते.

मध्येच गाडी उलटीही फिरते. वरच्या मजल्यावर ड्रिलचं काम निघालं आणि भुऱ्या पुन्हा पाचव्या फरशीवर गेला. मीही पाचव्या फरशीवर गेले. या वेळी आठवडा नाही, दोन दिवस लागले.

माझ्याजवळ पिसं साफ करत बसणं, झोपेआधी चोच चोचीवर घासून किरकिर आवाज काढणं, ही त्याची बोली आहे. डोकं खाली घालून मानेची पिसं फुलवली तर खाजवा, फक्त डोकं आणि मान. पाठ, पोट नाही.

सहा महिन्यांच्या सुमाराला पहिली पिसं गळायला लागली. कापलेल्या पंखांच्या जागी नवी येतायत, तोंडावर पिवळा रंग चढतोय, म्हणजे नर असावा. परवा कुकरची शिट्टी झाली आणि कोपऱ्यातून तशीच एक बारीक शिट्टी आली. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबला असता.

[पिंजऱ्यातून हलकी किरकिर ऐकू येते.]

ऐकलंत? चोच घासतोय. सात वाजत आले, त्याची झोपायची वेळ. मी आता सावकाश उठते, भिंतीच्या कडेने बाहेर जाते, आणि कॅमेरा मुलगी येऊन बंद करेल.