जिवाणूचे हिमोग्लोबिन

वैशाखात ओंकारेश्वराजवळ मुठेचे पाणी जागच्या जागी साचून राहते आणि काठीने तळ ढवळला, की काळा गाळ उसळून बुडबुडे फुटू लागतात. साचलेल्या पाण्याच्या तळाशी प्राणवायूची कायमचीच टंचाई असते. तरीही ज्यांचे प्राणवायूवाचून मुळीच चालत नाही, असे काही जिवाणू अशाच पाण्यात आणि शेणात तग धरतात. व्हिट्रिओसिला हा त्यांपैकी एक.

त्याच्या पेशीतील प्राणवायू धरणारे एक प्रथिन हे खरोखरीचे हिमोग्लोबिन आहे, हे १९८६ साली त्याची अमिनो आम्लांची साखळी प्रसिद्ध झाल्यावर निर्विवाद ठरले. आपले हिमोग्लोबिन चार साखळ्यांचे, याचे दोनच. पण आपल्याकडे ते फुफ्फुसांतून प्राणवायू शरीरभर पोहोचवते. एवढ्याशा पेशीत वाहतूक ती कसली करायची? या विषयातला सर्वांत विलक्षण प्रश्न आम्हाला हाच वाटतो.

लिटरभर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तेवढ्याच पाण्यात २५ अंश सेल्सिअसला जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो आणि दाट वाढलेले जिवाणू तो काही सेकंदांत संपवतात. म्हणूनच पुण्यातील प्रयोगशाळांत शेकरवर, म्हणजे सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, रात्रभर गरगरणाऱ्या २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये जिवाणू वाढवण्याचे माध्यम (पोषक द्रव) ५० मिलिलिटरच भरतात. उरलेली जागा हवेची. पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या पेनिसिलिनच्या टाक्यांनाही अखंड निर्जंतुक हवा द्यावी लागे.

व्हिट्रिओसिलाचे हिमोग्लोबिन पेशीपटलालगत वावरते, तुटपुंजा प्राणवायू धरते आणि श्वसनसाखळीच्या, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा मिळवणाऱ्या प्रथिनांच्या रांगेच्या, शेवटच्या विकराच्या (एन्झाइमच्या) हाती चटकन सोपवते. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले चैतन खोसला यांनी जेम्स बेली या संशोधकासह १९८८ साली हे हिमोग्लोबिन घडवणारे जनुक ई. कोलाय या जिवाणूत घातले, तेव्हा प्राणवायू अपुरा असतानाही तो अधिक वेगाने आणि अधिक दाट वाढला.

हवा मुबलक असेल, तर मात्र फारसा फरक पडत नाही. हे प्रथिन नवा प्राणवायू निर्माण करत नाही आणि ते घडवण्याचा भारही पेशीलाच सोसावा लागतो. त्यामुळे या जनुकाचा मूळ स्विच प्राणवायू घटल्यावरच चालू होतो, ही निसर्गाची काटकसर मोलाची आहे. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवणाऱ्या यंत्रातून, काढलेल्या नळीच्या तळाशी ई. कोलायचा गोळा एरवी फिकट पिवळसर दिसतो; हिमोग्लोबिन भरपूर तयार झाले असेल, तर त्यावर लालसर छटा चढते.