उडत्या तबकड्यांचा लष्करी तपास: उत्तर शेजारच्या तिजोरीत होते

नमस्कार. 7 जानेवारी 1948 च्या दुपारी अमेरिकेतल्या केंटकी राज्यातील गॉडमन या लष्करी हवाई तळावरून आकाशात खूप उंचावर एक पांढुरकी, गोलसर वस्तू दिसू लागली. तेवढ्यात तिथून जात असलेल्या मस्टँग या लढाऊ विमानांच्या तुकडीला ती काय आहे ते पाहून येण्यास सांगण्यात आले. तुकडीचे प्रमुख कॅप्टन थॉमस मँटेल यांच्याजवळ प्राणवायूची सोय नव्हती, तरीही ते 20,000 फुटांच्या वर चढत गेले. तिथल्या विरळ हवेत त्यांची शुद्ध हरपली असावी असा निष्कर्ष निघाला. विमान कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला.

मँटेल शुक्र ग्रहाचा पाठलाग करत होते, असे हवाई दलाच्या तपासात आधी सांगण्यात आले. भर दुपारी शुक्र नुसत्या डोळ्यांना जेमतेमच दिसू शकतो, त्यामुळे हे उत्तर लोकांना पटले नाही. आज सर्वांत संभाव्य मानले जाणारे कारण वेगळे आहे. अमेरिकी नौदल त्या काळात ‘स्कायहूक’ नावाचे प्रचंड प्लास्टिकचे फुगे वातावरणाच्या अगदी वरच्या थरांत सोडत असे, आणि हा प्रकल्प तेव्हा गुप्त होता. (अशाच उंच जाणाऱ्या फुग्यांतून वैश्विक किरणांचा अभ्यास आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनेही केला आणि त्यासाठी हैदराबादला फुग्यांचे केंद्र उभारले, फरक एवढाच की ते काम उघडपणे झाले.) म्हणजे एका दलाचा वैमानिक ज्या वस्तूच्या मागे गेला, ती बहुधा त्याच देशाच्या दुसऱ्या दलाची होती, आणि तपास करणाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती.

या तपासांविषयी बोलताना परग्रहवासी आले होते की नाही, यावरच सगळी चर्चा अडकते. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तपासाच्या रचनेतला दोष: ज्यांच्यावर उत्तर शोधण्याची जबाबदारी होती, त्यांना अनेकदा उत्तर माहीत नव्हते, आणि माहीत झाले तर ते सांगण्याची मुभा नव्हती.

सुरुवात 1947 ची. 24 जूनला केनेथ अर्नोल्ड या खासगी वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातल्या रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना पाहिल्याचे सांगितले आणि देशभरातून अशा बातम्यांची रीघ लागली. हवाई दलाला खरी धास्ती सोव्हिएत संघाची होती: महायुद्धानंतर हाती लागलेल्या जर्मन आराखड्यांवरून त्यांनी काही नवे विमान तर बनवले नाही ना? म्हणून ओहायोतील डेटन शहराजवळच्या तळावर 1948 मध्ये ‘साइन’, 1949 मध्ये ‘ग्रज’ आणि 1952 मध्ये ‘ब्लू बुक’ असे एकामागून एक प्रकल्प सुरू झाले. ब्लू बुक 1969 पर्यंत चालला. एकूण 12,618 नोंदी जमल्या आणि त्यांपैकी 701 अखेरपर्यंत उलगडल्या नाहीत.

ब्लू बुकचे पहिले प्रमुख कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. त्यांनी साक्षीदारांसाठी एकसारखी प्रश्नावली तयार करवून घेतली आणि साक्षीदाराला हसण्याआधी त्याचे म्हणणे नीट लिहून घेण्याची शिस्त लावली. पण जुलै 1952 मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या रडारवर लागोपाठच्या दोन शनिवार-रविवारी अनोळखी ठिपके दिसले, लढाऊ विमाने धाडावी लागली आणि प्रकरण वरपर्यंत गेले. मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांनी पत्रकार परिषद घेऊन उष्ण आणि थंड हवेच्या उलट्या थरांमुळे रडारचे किरण वाकले असावेत, असे स्पष्टीकरण दिले. जानेवारी 1953 मध्ये गुप्तचर संस्था सीआयएने भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवली. या वस्तूंपासून देशाला थेट धोका नाही, मात्र अशा खबरींच्या गर्दीत खऱ्या हल्ल्याची सूचना बुडून जाऊ शकते, असे तिने म्हटले आणि लोकांचे या विषयातले कुतूहल कमी करण्याची शिफारस केली. त्याच वर्षीच्या हवाई दलाच्या नियमानुसार तळांना ज्या घटनांचा उलगडा झाला असेल त्यांविषयीच वृत्तपत्रांशी बोलता येत होते. या नियमाने विश्वासाचे जे नुकसान केले, ते कोणत्याही अफवेने केले नसते असे मला वाटते.

यानंतरचा टप्पा नीट समजून घेण्यासारखा आहे. ऑगस्ट 1955 मध्ये नेवाडातल्या ग्रूम लेक येथे यू-2 या हेरगिरी विमानाची उड्डाणे सुरू झाली. त्या काळी प्रवासी विमाने साधारण 10,000 ते 20,000 फुटांवरून उडत, तर यू-2 60,000 फुटांच्या वर जात असे. एवढ्या उंचीवर माणूस विमान नेऊ शकतो, हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते. संध्याकाळी खालच्या वैमानिकाभोवती अंधार झालेला असे, त्याच्या क्षितिजाखाली सूर्य गेलेला असे, पण त्याच वेळी 60,000 फुटांवरच्या चंदेरी पंखांवर मात्र ऊन पडत असे. त्यामुळे खालून पाहणाऱ्याला आकाशात एखादी पेटती वस्तू सरकताना दिसे. वैमानिकाने प्रामाणिकपणे नोंद केली, की ती ब्लू बुककडे येई. सीआयएच्या इतिहासकारांनी लिहिल्याप्रमाणे, ब्लू बुकचे अधिकारी वॉशिंग्टनमधल्या यू-2 प्रकल्पाच्या लोकांना विचारून नोंदीची वेळ उड्डाणाच्या वेळेशी ताडून पाहत. जुळले, तरी पत्र लिहिणाऱ्या नागरिकाला खरे कारण कळवता येत नसे. त्या वर्षांतल्या निम्म्याहून अधिक नोंदी अशा विमानांच्या होत्या, हा याच इतिहासातला दावा मला फुगवलेला वाटतो, कारण ती विमाने मोजकीच होती आणि नोंदी देशाच्या सर्व भागांतून येत होत्या. कार्यपद्धतीचे वर्णन मात्र पटण्यासारखे आहे.

न्यू मेक्सिको राज्यातल्या रॉझवेलचेही तेच झाले. जुलै 1947 मध्ये तिथल्या तळाने तबकडी सापडल्याचे जाहीर केले आणि लगेच हवामानाचा फुगा म्हणून ते मागे घेतले. सोव्हिएत अणुस्फोटांचा आवाज टिपण्यासाठीच्या ‘मोगल’ या गुप्त प्रकल्पाच्या फुग्यांचे ते अवशेष होते, असे हवाई दलाने सांगितले ते थेट 1994 मध्ये. तोवर परग्रहावरचे यान कोसळल्याची दंतकथा पक्की झाली होती.

या प्रकल्पांचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक सुरुवातीला संशयी होते, पण वर्षे गेली तसे ते हवाई दलाच्या घाईघाईच्या निष्कर्षांवर उघड टीका करू लागले. 1966 मध्ये मिशिगनमधल्या काही दिव्यांचे कारण दलदलीतला वायू असू शकेल असे त्यांनी सांगितले, तेव्हा इतका संताप उसळला की तिथले खासदार जेराल्ड फोर्ड यांनी संसदीय सुनावणीची मागणी केली. वीस वर्षे अर्धवट उत्तरे ऐकलेल्या लोकांना संभाव्य उत्तरही खोटे वाटू लागले होते.

भारतीय लष्करालाही हा प्रश्न पडला होता. 2012-13 मध्ये लडाखच्या सीमेवरील जवानांनी आकाशातल्या तेजस्वी वस्तूंच्या नोंदी केल्या आणि ते चिनी ड्रोन असावेत अशी शंका आली. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारण्यात आले आणि त्या वस्तू गुरू आणि शुक्र असल्याचे निष्पन्न झाले. इथे शुक्र हे उत्तर टिकले, कारण ते आकाशाच्या जाणकारांनी नोंदी तपासून दिले होते.

अमेरिकेत 2022 मध्ये संरक्षण खात्याने अशा अनोळखी वस्तूंच्या तपासासाठी एएआरओ हे नवे कार्यालय स्थापन केले. या कार्यालयाला गुप्त प्रकल्पांची माहिती मागण्याचा अधिकार कायद्याने मिळाला आहे, आणि मार्च 2024 च्या अहवालात त्याने परग्रहावरील तंत्रज्ञानाचा पुरावा आढळला नाही असे नमूद करतानाच, जुन्या अनेक नोंदींमागे त्या काळच्या गुप्त विमानांच्या आणि फुग्यांच्या चाचण्या होत्या, हेही लिहिले आहे. ब्लू बुकची कागदपत्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सर्वांसाठी खुली आहेत. त्यांतली एखादी तरी प्रश्नावली, साक्षीदाराने हाताने काढलेल्या आकृतीसकट, आपण अवश्य वाचावी.