श्रावणातला बाथ

श्रावणात आमच्या फोंड्याच्या घरात अंडं येत नाही, पण नातीचा वाढदिवस नेमका श्रावणातच आणि तिला केक हवा म्हणजे हवाच. त्यामुळे हे जे तुम्हाला दिसतंय ना, भिजवलेला रवा, खवलेला नारळ, दह्याचं भांडं, ही आमच्याकडची दरवर्षीची तयारी. बाथ म्हणतात या केकला, नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरातून आमच्याकडे येतो आणि त्यात अंडी बिनधास्त असतात. सासूबाईंचा प्रश्न ठरलेला, "अगो, अंड्याशिवाय फुगायचा कसा तो?"

फुगतो की. दह्याच्या आंबटपणाला सोडा भेटला की गॅस सुटतो, हे बघा, कडेकडेने बारीक बुडबुडे यायला लागले. एका अंड्याच्या जागी पाव कप दही असा आमचा हिशोब. पण सोडा घातला की लगेच ओव्हनमध्ये, मध्ये फोन घ्यायचा नाही, बुडबुडे विरले की केक बसलाच म्हणून समजा. रवा नारळ घट्ट धरून राहतात त्यामुळे इथे अंड्याची आठवणही येत नाही.

बिस्किटांना मात्र दही नको, मऊ पडतात. तिथे जवस. एक मोठा चमचा जवसाची पूड, तसेच तीन मोठे चमचे पाणी, दहा मिनिटं ठेवा आणि मग चमचा वर उचला, तार सुटते बघा, अगदी अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत. धरून ठेवायचं काम ती करते, फुगवायचं नाही, एवढं लक्षात असू द्या. बटाट्याच्या कटलेटला तर तेवढंही नको, मैद्याच्या पातळ पिठात बुडवा, रव्यात घोळवा, तळा.

आणि छोले उकडलेलं पाणी आपण सरळ मोरीत ओततो ना, ते गार करून बीटरने फेटलं तर पांढराशुभ्र फेस येतो. 2015 च्या सुमारास अमेरिकेतल्या एकाने त्यात साखर घालून मेरँग, म्हणजे एरवी अंड्याच्या पांढऱ्याच्या फेसाची करतात ती कुरकुरीत गोड बिस्किटं, केली आणि या पाण्याला नावही मिळालं, अ‍ॅक्वाफाबा. आमच्या मिक्सरची बारा मिनिटं गेली पण फेस आला, वास थोडा छोल्यांचा, व्हॅनिलाने गेला.

बेबिंकापाशी, म्हणजे गोव्याच्या त्या थराथराच्या गोड पदार्थापाशी, मात्र मी हरले. त्याला 2023 मध्ये जीआय, म्हणजे गोव्याचाच म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यात मुख्य माल म्हणजे पिवळा बलक, नारळाचं दूध, तूप. बलक तूप आणि दूध एकत्र धरून ठेवतो. मी कॉर्नफ्लोअर घालून बघितलं, तिसऱ्या थरालाच तूप वेगळं होऊन वर तरंगायला लागलं आणि उरलेलं खरवसासारखं थलथलीत. सासूबाईंनी चमच्याने खाऊन बघितलं, म्हणाल्या, "चांगलं आहे गो, पण बेबिंका म्हणू नको याला."