गहाण घर आणि अडीच गिरक्या

सॅन फ्रान्सिस्को, २७ जून १९९९. एक्स गेम्स या थरारक खेळांच्या स्पर्धेत बेस्ट ट्रिकची, म्हणजे सगळ्यात भारी करामत कुणाची ते ठरवणाऱ्या फेरीची, वेळ केव्हाच संपलीय पण स्केटबोर्डर टोनी हॉक रॅम्प सोडत नाहीये, पडतोय, उठतोय, बोर्ड घेऊन परत वर चढतोय. त्याला नाइन हंड्रेड मारायचाय, म्हणजे हवेत अडीच गिरक्या घेऊन परत बोर्डवरच उतरायचं, स्पर्धेत हे तोवर कुणालाच जमलेलं नाही. बाकीचे स्केटर आपलं सगळं विसरून त्याच्यासाठी बोर्ड आपटतायत. आणि जमतं! वय ३१.

पण मला या माणसाची खरी कमाल वाटते ती आधीच्या सात वर्षांत. १४व्या वर्षी प्रो, म्हणजे व्यावसायिक स्केटर, पॉवेल पेराल्टा या स्केटबोर्ड कंपनीच्या बोन्स ब्रिगेड टीममधला पोरगा, शाळा संपायच्या आत स्वतःचं घर घेतलेला. १९९०च्या आसपास सगळं बसलं. व्हर्ट, म्हणजे मोठ्या उभ्या रॅम्पवरचं स्केटिंग, कुणाला नकोसं झालं, पोरं रस्त्यावर, जिन्याच्या कठड्यांवर स्केट करायला लागली आणि टोनीचे रॉयल्टीचे चेक आटत गेले. अशा पडत्या बाजारात, १९९२ मध्ये, घरावर कर्ज काढून त्याने पेर वेलिंडर या जुन्या टीममेटसोबत बर्डहाउस ही स्केटबोर्डची कंपनी काढली. खायला दिवसाचे ५ डॉलर! टीमच्या पोरांना व्हॅनमध्ये घालायचं, गावोगाव पार्किंग लॉटमध्ये डेमो द्यायचे, समोर कधी कधी मोजकीच माणसं. तरी स्केटिंग सोडलं नाही त्याने, म्हणून तर १९९५ मध्ये एक्स गेम्स सुरू होऊन स्केटिंग टीव्हीवर आलं तेव्हा तो फॉर्मात होता.

मग त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम, नाइन हंड्रेडनंतर तीनच महिन्यांनी बाजारात. त्याआधी ॲक्टिव्हिजन या गेम काढणाऱ्या कंपनीने त्याला ५ लाख डॉलर एकरकमी घे आणि रॉयल्टी सोड असं सांगितलं होतं, त्याने नाही म्हटलं, आणि पुढे त्या गेमच्या इतक्या कॉप्या खपल्या की ज्यांनी आयुष्यात बोर्डवर पाय ठेवला नाही त्यांनाही त्याचं नाव पाठ झालं.

२००२ मध्ये त्याने फाउंडेशन काढलं. गरीब वस्त्यांमध्ये स्केटपार्क बांधायला पैसे आणि सल्ला द्यायचा, आजवर अमेरिकेत असे शेकडो पार्क उभे राहिलेत. सॅन डिएगोच्या ओएसिस स्केटपार्कमध्ये लहानपणी तो स्वतः असाच दिवसदिवस पडलेला असायचा.