पट्टा नेमका कुठे बांधायचा?

मगाशी आत आले तेव्हाच बघितलं, दुसऱ्या रांगेत एका काकूंनी कोपराला पट्टा लावलाय, टेनिस एल्बोचा, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं ना, त्याच्यासाठीचा. काकू, रागावू नका हं, पण तुमच्यावरूनच सुरुवात करते, कारण तुम्ही जिथे लावलाय ना तिथेच बहुतेक सगळे लावतात, म्हणजे थेट दुखऱ्या हाडावर. साहजिक आहे, डोकं दुखलं की बाम आपण कपाळालाच चोळतो. पण पट्ट्याचं तसं नसतं.

आता आपापला हात पुढे करा, तळवा खाली. कोपराच्या बाहेरच्या बाजूला जे हाड हाताला लागतं, त्याच्याखाली मनगटाच्या दिशेने दोन-तीन बोटं सोडा. आता मूठ आवळा, सोडा, परत आवळा. बोटाखाली मांस फुगतंय? बस, पट्टा तिथे. पट्ट्याच्या आतल्या बाजूला जाडसर गादी असते ती या फुगणाऱ्या जागेवर आली पाहिजे.

आता का, ते सांगते. पेशंट येऊन म्हणतात "मॅडम, नस आखडलीय", पण दुखणारी गोष्ट नस नसते, ती कंडरा असते, टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. मनगट वर उचलणारे स्नायू त्या बाहेरच्या हाडाला येऊन चिकटतात. आता तुम्ही म्हणाल आम्ही कुठे मनगट वर उचलतो दिवसभर? उचलता! लाटणं धरा, ओली चादर पिळा, सांडशीने कढई उचला, ड्रिल मशीन धरा, मूठ आवळली की मनगट आत दुमडायला बघतं आणि ते दुमडू नये म्हणून हे मागचे स्नायू सारखे ताणून धरलेले असतात, म्हणून तर साधा चहाचा कप उचलताना पण कळ येते आणि रिकामा हात हलवताना विशेष काही होत नाही. पट्टा काय करतो, तर स्नायूला हाडाच्या अलीकडेच दाबून धरतो, त्यामुळे वरच्या दुखऱ्या दोरीपर्यंत ओढ जरा कमी पोचते, अशी त्याच्यामागची कल्पना आहे. दोरीच्या टोकाला भार येऊ नये म्हणून मधेच कोणी हात लावावा, तसं.

नाव टेनिस एल्बो, पण माझ्याकडे येणाऱ्यांत टेनिसवाले फारसे नसतातच, पोळ्या करणारे, रंगकाम करणारे, माऊस चालवणारे जास्त. क्रिकेटवाल्यांना सचिन आठवत असेल, 2004 साली त्याचा डावा कोपर धरला, 2005 च्या मे महिन्यात लंडनला ऑपरेशन झालं आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध परत आला तो 93 मारूनच. पण ऑपरेशन थोड्यांनाच लागतं हो, बहुतेकांचं दुखणं वर्षभरात बरंच उतरतं, फक्त ते वर्ष फार लांबतं.

मग लोक इंजेक्शन मागतात. स्टेरॉइडचं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला 165 पेशंटवर अभ्यास झाला, 2013 साली छापून आला, त्यात स्टेरॉइडवाल्यांना पहिले काही आठवडे मस्त वाटलं आणि वर्षभरात 54 टक्क्यांचं दुखणं परत आलं, औषध नसलेलं नुसतं खोटं इंजेक्शन दिलेल्यांत मात्र 12 टक्क्यांचं. त्यामुळे मी तरी आधी तिकडे पाठवत नाही.

घट्ट किती? पट्ट्याखालून एक बोट सरकलं पाहिजे. बोटांना मुंग्या आल्या, हात बधिर झाला, हाताचा रंग बदलला तर लगेच सैल करा, तिथून एक नस, म्हणजे मज्जातंतू, जाते तिच्यावर दाब येतो. आणि झोपताना काढायचा. काढायचाच. टीव्ही बघताना पण नको, तेव्हा हात काही ओढत नाहीये. पोळ्या करायच्या आहेत, बाईक काढायची आहे, तेव्हा लावा, काम संपलं की व्हेल्क्रो फर्रकन उघडून ओट्यावर ठेवा. काही जणांना लावल्या लावल्या आराम पडतो, काहींना शष्प फरक पडत नाही, आणि बरोबर बांधूनही आठवड्याभरात काही वाटलं नाही तर दुसरा महागडा पट्टा घेऊ नका, मनगटाचा स्प्लिंट, म्हणजे मनगट हलू न देणारा आधार, बघू हवं तर.

आणि एक फुकटचा उपाय सांगते, तळवा वर करून उचला. पिशवी, पातेलं, डबा, खालून हात घालून. खुर्ची पाठीला धरून तळवा खाली करून उचलून बघा, कळ येईल, आम्ही तपासायला हेच करतो.

व्यायाम मात्र चुकत नाही. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली, हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर न्यायचं आणि दुखऱ्या हाताने सावकाश, चार-पाच आकडे मोजत खाली सोडायचं. थोडं दुखेल, दहापैकी तीन-चार इतकं चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त ठणकलं तर बाटलीतलं पाणी कमी करा. दोन दिवसांत फरक शोधू नका, आठवडे लागतात. पण कोपर सुजलाय, लाल झालाय, पडून लागलंय किंवा मानेपासून मुंग्या येतायत, तर ही कसरत थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

चला, ज्यांनी ज्यांनी पट्टे आणलेत त्यांनी पुढे या, एकेकाचा बांधून बघू. काकू, आधी तुम्ही, आणि ती पर्समधली बाटली पण आणा.